आयएनआर वाढला आहे, रक्तस्राव नाही: प्लाझ्मा द्यावा का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. यकृताचा सिरोसिस असलेला ५४ वर्षांचा रुग्ण वॉर्डात दाखल आहे. पोटात पाणी साठल्यामुळे त्याला धाप लागते आहे आणि ते पाणी सुईने काढायचे आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, निरोगी माणसात १ च्या आसपास) १.९ आहे, प्लेटलेट ७० हजार आहेत, रक्तस्राव कुठेही नाही. वरिष्ठांनी ‘आधी दोन एफएफपी लावा, मग टॅप करा’ असे सांगितले, म्हणजे गोठवून साठवलेल्या प्लाझ्माच्या दोन पिशव्या देऊन मग सुईने पाणी काढावे, पण रक्तकेंद्राने मागणीपत्र परत पाठवून कारण विचारले. अशा रुग्णाला प्लाझ्मा द्यावा की नाही, आणि एकूणच तो कोणाला द्यावा, असे एका निवासी डॉक्टरांनी विचारले आहे.

या रुग्णाला प्लाझ्मा देऊ नये. रक्तकेंद्राने कारण विचारले हे योग्यच केले. मी गेली सव्वीस वर्षे रक्तसंक्रमणाच्या कामात आहे आणि चुकीच्या कारणासाठी मागवलेल्या रक्तघटकांत प्लाझ्माचा क्रमांक मला कायम वरचा दिसत आला आहे. त्यामुळे नुसते ‘नाही’ म्हणून न थांबता त्यामागचा हिशेब मांडतो.

दात्याकडून ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते, ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर द्रव, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा काढला जातो आणि काही तासांच्या आत गोठवून उणे ३० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड तापमानात ठेवला जातो. तेथे तो वर्षभर टिकतो. एका पिशवीत साधारण १५० ते २२० मिलिलिटर प्लाझ्मा असतो. त्यातील गोठणघटक, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिने, निरोगी माणसाच्या रक्तात जितके असतात तितकेच, म्हणजे मिलिलिटरला सुमारे एक युनिट एवढेच असतात. हा घट्ट केलेला अर्क नव्हे, ही गोष्ट वॉर्डात फार थोड्यांच्या लक्षात राहते. ६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात मुळात अडीच लिटरच्या आसपास प्लाझ्मा असतो. त्याचे गोठणघटक ४० टक्क्यांवर आले आहेत असे धरा आणि त्यात ४०० मिलिलिटर, म्हणजे दोन पिशव्या, मिसळा. गोठणघटक ४८-४९ टक्क्यांपर्यंत जातील, तेही काही तासांपुरते. रक्त गोठण्यासाठी बहुतेक घटक ३० टक्क्यांच्या आसपास असले तरी पुरतात. म्हणजे जे पुरेसे होते त्यात थोडी भर पडली, आणि त्यासाठी रुग्णाने अर्ध्या लिटरच्या जवळपास जादा द्रव अंगावर घेतला.

कागदावरचा आकडा तरी खाली येतो का? तोही फारसा येत नाही. आयएनआर आणि गोठणघटकांचे नाते सरळ रेषेचे नाही. आयएनआर ६ असेल तेव्हा थोड्या प्लाझ्मानेही तो झपाट्याने उतरतो, पण १.५ ते १.९ च्या पट्ट्यात तो जागचा हलत नाही. वितळवलेल्या प्लाझ्माच्या पिशवीचाच आयएनआर १.१ ते १.३ असू शकतो, तेव्हा रुग्णाचा आयएनआर त्याने १.० वर आणावा ही अपेक्षाच चुकीची आहे. बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आयएनआर १.१ ते १.८५ असताना प्लाझ्मा दिलेल्या १२१ रुग्णांची नोंद होती. त्यांतील एक टक्क्याहूनही कमी रुग्णांचा आकडा पूर्ववत झाला.

मुळात आयएनआर हे माप कशासाठी आले, तेही पाहिले पाहिजे. वॉर्फरिनसारख्या औषधांचा परिणाम निरनिराळ्या प्रयोगशाळांत एकाच मापाने मोजता यावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ते स्वीकारले. यकृताच्या रुग्णाला सुई टोचल्यावर रक्त वाहील की नाही, हे सांगण्यासाठी ते बनलेलेच नाही. यकृत निकामी होऊ लागले की गोठणघटक कमी होतात हे खरे, पण रक्त गोठू न देणारी प्रथिनेही, म्हणजे प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिनही, तेच यकृत बनवत असल्यामुळे त्याच ओघात कमी होतात. त्याच वेळी फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे रक्त गोठवायला मदत करणारे घटक वाढलेले असतात. तराजूची दोन्ही पारडी खाली येतात, मात्र आयएनआर त्यांतले एकच पारडे मोजतो. म्हणून वाढलेला आयएनआर असलेल्या सिरोसिसच्या रुग्णाच्या पोर्टल शिरेत, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत, रक्ताची गुठळी झालेली आपण पाहतो. अशा रुग्णाला अर्धा लिटर द्रव चढवला की पोर्टल शिरेतील दाब वाढतो आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटण्याची भीती वाढते. ज्या रक्तस्रावाला आपण घाबरलो, त्यालाच आमंत्रण देण्यासारखे हे आहे.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयातून रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्याकडे संक्रमणाच्या प्रतिक्रियेची नोंद आली. बहात्तर वर्षांच्या बाई, वजन ४१ किलो, दुसऱ्या दिवशी सकाळी एक छोटी शस्त्रक्रिया ठरलेली. आयएनआर १.६ आल्याने संध्याकाळी दोन पिशव्या प्लाझ्मा लावला गेला होता आणि दोन्ही मिळून पाऊण तासात संपवल्या होत्या. दुसरी पिशवी संपत आली तशा बाई अंथरुणात उठून बसल्या, त्यांना आडवे होता येईना, आणि ऑक्सिजनचे प्रमाण ८२ पर्यंत उतरले. ड्यूटीवरच्या परिचारिकेने वेळीच ओळखले, ऑक्सिजन सुरू झाला, लघवीवाटे पाणी काढणारे फ्युरोसेमाइड दिले गेले आणि पहाटेपर्यंत त्या सावरल्या. तपासणीसाठी परत आलेल्या पिशवीच्या तळाशी चमचाभर पिवळा द्रव उरला होता आणि मागणीपत्रावर कारणाच्या रकान्यात ‘आयएनआर १.६’ एवढेच लिहिले होते. सकाळी तपासलेला आयएनआर १.५ आला. शस्त्रक्रिया दोन दिवसांनी प्लाझ्मा न देता झाली आणि रक्तस्राव नेहमीइतकाच झाला.

या प्रतिक्रियेला टॅको म्हणतात, म्हणजे रक्ताभिसरणावर द्रवाचा भार पडणे. वृद्ध, कमी वजनाचे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण तिला विशेष बळी पडतात. ट्राली ही दुसरी प्रतिक्रिया. तीत दात्याच्या प्लाझ्मातील प्रतिपिंडांमुळे सहा तासांच्या आत रुग्णाच्या फुप्फुसांत पाणी भरते. अशी प्रतिपिंडे गर्भारपण होऊन गेलेल्या स्त्रियांच्या रक्तात अधिक आढळत असल्याने ब्रिटनने २००३ पासून शक्यतो पुरुष दात्यांचाच प्लाझ्मा वापरण्याचे धोरण ठेवले आणि तेथे ट्रालीचे प्रमाण बरेच घटले. ॲलर्जी आणि क्वचित ॲनाफिलॅक्सिस यांचाही धोका असतो, आणि दात्याच्या सर्व चाचण्या होऊनही जंतुसंसर्गाची शक्यता शून्य होत नाही. फायदा मिळणारच नसेल, तर यांपैकी कोणताही धोका रुग्णाने का पत्करावा?

ही सवय आली कुठून, याचे उत्तर इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात रणांगणावर रक्तदाब टिकवण्यासाठी सुकवलेला प्लाझ्मा मोठ्या प्रमाणावर वापरला गेला आणि ‘द्रव कमी पडला की प्लाझ्मा’ हे समीकरण वैद्यकाच्या मनात घट्ट बसले. सलाइन आणि रिंगर लॅक्टेट सगळीकडे मिळू लागल्यावरही ते सुटले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९८४ मध्ये तज्ज्ञांची परिषद घेऊन द्रव वाढवण्यासाठी किंवा पोषणासाठी प्लाझ्मा देण्यास आधार नाही असे स्पष्ट केले. त्याला चाळीस वर्षे उलटून गेली, तरी ‘प्रोटीन कमी आहे, दोन प्लाझ्मा लावा’ ही वाक्ये मी आजही ऐकतो. एका पिशवीत एकूण प्रथिने बारा-चौदा ग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांइतकी असतात. अशक्तपणा, जखम भरून न येणे, अंगावरची सूज यांसाठी प्लाझ्माचा उपयोग नाही. नातेवाइकांना मात्र तो ‘ताकदीची पिवळी पिशवी’ वाटतो आणि त्यासाठी ते रात्री-अपरात्री थर्मोकोलचा डबा घेऊन दुसऱ्या शहरापर्यंत जातात. त्यांची ही धावपळ आपल्या एका ओळीने सुरू होते, याची जाणीव मागणीपत्रावर सही करताना ठेवावी.

आता प्लाझ्मा कोणाला द्यावा ते पाहू. रुग्णाला प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल आणि त्याचे अनेक गोठणघटक एकाच वेळी संपत आले असतील, तर प्लाझ्मा द्यावा, लवकर द्यावा आणि पुरेसा द्यावा. अपघातातील मोठा रक्तस्राव आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव ही याची दोन ठळक उदाहरणे. अमेरिकेतील बारा आघातोपचार केंद्रांत ६८० जखमींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्लाझ्मा, प्लेटलेट आणि लाल पेशी समप्रमाणात देणे आणि लाल पेशी दुप्पट देणे यांची तुलना झाली. २४ तासांच्या आणि ३० दिवसांच्या एकूण मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही, पण पहिल्या चोवीस तासांत रक्त वाहून दगावणाऱ्यांचे प्रमाण समप्रमाण गटात कमी होते. म्हणून मोठ्या रक्तस्रावात चार-चार पिशव्या लाल पेशी देऊन मग प्लाझ्माचा विचार करण्याची जुनी पद्धत सोडावी.

बाळंतपणातील रक्तस्रावाबाबत थोडे अधिक लिहितो, कारण येथे वेळ मिनिटांत मोजावी लागते. या रुग्णांत सर्वांत आधी घटते ते फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे जाळे विणणारे प्रथिन. ते डेसिलिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या खाली गेले की धोक्याची घंटा समजावी. प्लाझ्मात फायब्रिनोजेन विरळ असते, त्यामुळे ते केवळ प्लाझ्माने भरून काढायचे तर पिशव्यांवर पिशव्या लागतात. त्यासाठी क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे प्लाझ्मापासून काढलेला फायब्रिनोजेनयुक्त घटक, मागवावे. त्याच्या १५-२० मिलिलिटरच्या छोट्या पिशवीत दीडशे मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक फायब्रिनोजेन असते. गुठळी विरघळू न देणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत, शिरेतून द्यावे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने ते रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी करते हे दाखवले आहे, आणि ते कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी मिळते. प्लाझ्मा लागणार असे वाटताच रक्तकेंद्राला फोन करावा, मागणीपत्र मागाहून पाठवले तरी चालेल. दगडासारखी गोठलेली पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि घाई करून ती गरम पाण्यात टाकली तर आतील प्रथिने नासतात. गोठलेले प्लास्टिक काचेसारखे ठिसूळ असते, जरा आदळले तरी तडा जातो, म्हणून तंत्रज्ञ ती दुसऱ्या पिशवीत घालून हलक्या हाताने बुडवतात. वाट पाहण्याच्या त्या अर्ध्या तासात रक्तकेंद्रात कोणीही रिकामे बसलेले नसते.

मात्रा किलोमागे १० ते १५ मिलिलिटर. साठ किलोच्या रुग्णाला याप्रमाणे ६०० ते ९००, म्हणजे तीन ते पाच पिशव्या लागतात. प्रौढ रुग्णासाठी ‘एक एफएफपी’ मागवणे हे उपचार केल्याचे समाधान मिळवण्यापलीकडे काही साधत नाही. ज्याला गरज आहे त्याला अपुरा आणि ज्याला गरज नाही त्याला दोन पिशव्या, अशा दोन्ही चुका एकाच वॉर्डात होताना मी पाहिल्या आहेत. वेळेचेही भान हवे. फॅक्टर सातचे अर्धायुष्य अवघे चार ते सहा तासांचे असते, त्यामुळे उद्या सकाळच्या शस्त्रक्रियेसाठी आज संध्याकाळी दिलेला प्लाझ्मा सकाळपर्यंत जवळजवळ संपलेला असतो. रक्तगटाचा नियम लाल पेशींच्या उलटा आहे. एबी गटाचा प्लाझ्मा सर्वांना चालतो, ओ गटाचा फक्त ओ गटालाच. आरएच जुळण्याची आवश्यकता नसते.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. हृदयाची झडप बदललेले अनेक जण ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिनवर असतात. आयएनआर ६ आला पण रक्तस्राव नाही, अशा रुग्णाची गोळी थांबवावी आणि आयएनआर पुन्हा तपासावा. आकडा १० च्या वर गेला तर तोंडावाटे व्हिटॅमिन के द्यावे. प्लाझ्मा येथे लागत नाही. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर मात्र क्षणही दवडू नये. प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स कॉन्सन्ट्रेट (गोठणघटकांचा घट्ट केलेला अर्क) आणि शिरेतून सावकाश ५ ते १० मिलिग्रॅम व्हिटॅमिन के हा पहिला उपचार, आणि कॉन्सन्ट्रेट उपलब्ध नसेल तरच पूर्ण मात्रेत प्लाझ्मा. हेपॅरिनवर प्लाझ्मा उतारा नाही, त्यासाठी प्रोटामिन आहे. डाबिगॅट्रान, रिव्हारोक्झाबॅन, ॲपिक्झाबॅन या नव्या गोळ्यांचा परिणामही प्लाझ्माने उलटत नाही. उंदीर मारण्याच्या ब्रोमाडिओलोनच्या वड्या खाल्लेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे व्हिटॅमिन के लागते. त्यात प्लाझ्मा फक्त रक्तस्राव थोपवण्यापुरता.

ज्या आजारात प्लाझ्मा खरोखर प्राण वाचवतो तो टीटीपी. त्यात एडीएएमटीएस-१३ हे विकर (एन्झाइम) कमी पडून सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्यांचा घालणे, म्हणजे प्लाझ्मा एक्सचेंज, हा तेथे मुख्य उपचार आहे. नुसता प्लाझ्मा चढवण्यापेक्षा हे सरस ठरते, असे कॅनडातील १९९१ च्या चाचणीने दाखवले. एक्सचेंजची सोय असलेल्या केंद्रात पोहोचेपर्यंत प्लाझ्मा चढवून वेळ काढता येतो. फॅक्टर पाचच्या कमतरतेतही प्लाझ्माच वापरावा लागतो, कारण त्याचे स्वतंत्र कॉन्सन्ट्रेट मिळत नाही. हिमोफिलियाला मात्र फॅक्टर उपलब्ध असताना प्लाझ्मा देऊ नये.

सर्पदंशाचा उल्लेख केल्याशिवाय महाराष्ट्रातील डॉक्टरला दिलेले हे उत्तर अपुरे राहील. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने गोठणघटक जळून जातात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे हलवू नये, मग एकदाच तिरकी करावी. रक्त पाण्यासारखे वाहिले तर सर्पविषविरोधी लस सुरू करावी. विष शरीरात फिरत असताना आधी प्लाझ्मा देणे म्हणजे आगीत तेल ओतणे, कारण नव्याने आलेले गोठणघटकही तेच विष खाऊन टाकते. लशीची पुरेशी मात्रा गेल्यावरही जीवघेणा रक्तस्राव चालू राहिला, तरच प्लाझ्माचा विचार करावा.

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण भरतात आणि प्लेटलेट कमी झाल्याने काही ठिकाणी प्लाझ्मा लावला जातो. प्लाझ्माने प्लेटलेट वाढत नाहीत. डेंग्यूत केशवाहिन्यांतून द्रव आधीच छातीत आणि पोटात झिरपत असतो, आणि तो परत रक्तात येऊ लागतो त्या टप्प्यावर वरून ओतलेला प्लाझ्मा फुप्फुसांवर चढतो. दिवस कमी असलेल्या बाळांच्या मेंदूतील रक्तस्राव टाळण्यासाठीही पूर्वी प्लाझ्मा देत. इंग्लंडमध्ये १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७७६ बाळांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

प्लाझ्मा जपून वापरण्याचे आणखी एक कारण मला महत्त्वाचे वाटते. न वापरलेला प्लाझ्मा शीतगृहातून थेट कचऱ्यात जात नाही. तो प्रक्रिया केंद्रांकडे जाऊन त्यापासून अल्ब्युमिन (रक्तात पाणी धरून ठेवणारे प्रथिन), इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडे) आणि फॅक्टर आठ तयार होतात. आयएनआर १.६ साठी लावलेली पिशवी एखाद्या हिमोफिलियाच्या मुलाच्या सांध्यापर्यंत पोहोचू शकली असती. रक्तदान शिबिरात रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने हे दान मोठ्या विश्वासाने केलेले असते.

आता तुमच्या रुग्णाकडे परत येतो. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली, पोटाच्या पुढच्या भिंतीतील रक्तवाहिनी टाळून, डाव्या खालच्या भागातून पाणी काढा. १.९ आयएनआर आणि ७० हजार प्लेटलेट असताना यासाठी प्लाझ्माही नको आणि प्लेटलेटही नकोत. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी निघाले तर प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्या, या रुग्णाची खरी गरज ती आहे. कावीळ किंवा कुपोषण असेल तर तीन दिवस व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम देऊन पाहायला हरकत नाही. टोचलेल्या जागेतून थेंबथेंब रक्त आले तर दहा मिनिटे दाबून धरा. रक्तस्राव वाढला तर फायब्रिनोजेन तपासा, शल्यचिकित्सकांना बोलवा आणि त्या क्षणी मला किंवा तुमच्या रक्तकेंद्रातील डॉक्टरांना फोन करा, पिशव्या वितळवायला घेतल्या जातील.

वरिष्ठांशी बोलताना ‘रक्तकेंद्र देत नाही’ असे सांगू नका. ‘सर, रुग्णाला रक्तस्राव नाही, दोन पिशव्यांनी आयएनआर हलणार नाही आणि पोर्टल दाब वाढेल, तेव्हा अल्ब्युमिन ठेवून टॅप करू का?’ असे विचारा. मागणीपत्र रद्द केल्याची नोंद केस पेपरवर वेळेसह करा, म्हणजे रात्रपाळीला येणारे सहकारी तेच मागणीपत्र पुन्हा पाठवणार नाहीत.